रद्द करायचं असेल तर

ऑफिसात तिला सगळे साखर म्हणायचे. चाळिशी उलटलेली, अंगाने बारीक, चष्मा सतत नाकावरून घसरणारा. रस्त्यात दिसली तर कुणी वळून बघणार नाही अशी. पण तिने कानाला हेडफोन लावून "बोला, मी ऐकतेय" म्हटलं, की पलीकडे तावातावाने भांडायला बसलेला माणूस एकदम निवायचा. आवाजच तसा होता. कुणाला त्यात धाकटी बहीण ऐकू यायची, कुणाला शाळेतली आवडती बाई.

याच आवाजावर तिची उमेदीची वर्षं बसडेपोत गेली होती. काचेच्या खोलीत बसून ती गाड्यांच्या घोषणा करायची. गाडीला उशीर असेल तर उशीर आहे म्हणायची, येणारच नसेल तर तेही सांगून टाकायची. लोक चरफडायचे, पण खरं काय ते त्यांना कळायचं. मग तिथे मशीन बसलं. मशीनमध्ये भरलेला आवाज तिचाच होता. त्यासाठी साहेबांनी तिच्याकडून सगळे शब्द एकेक करून म्हणवून घेतले, छान झालं म्हणाले, आणि घरी पाठवून दिलं.

घरी बाबा होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा छापखान्यातून निवृत्त झालेले, यंत्रांच्या खडखडाटात उभं राहून राहून त्यांचे कान गेलेले. पण लेकीचं बोलणं आपल्याला स्वच्छ ऐकू येतं असा त्यांचा दावा होता. "बाकीचे सगळे पुटपुटतात," ते म्हणायचे. त्यांचे गुडघेही धरलेले होते, त्यामुळे औषधांचा खर्च चालू होता. अशात तिने जाहिरात वाचली: गोड आवाज, संयम आणि लोकांना मदत करण्याची आवड असलेल्या व्यक्ती पाहिजेत. तिला वाटलं, ही जाहिरात आपल्यालाच समोर बसवून लिहिलीय.

कंपनी झोपेचं ॲप विकायची. फोनवर समुद्राची गाज, पंख्याची घरघर, कुणीतरी हळू आवाजात सांगितलेल्या गोष्टी. झोप न येणाऱ्या माणसांची काही कमी नाही. त्यांना मोठ्या निळ्या अक्षरांत दिसायचं, "सात दिवस अगदी मोफत!" आणि त्याखाली पांढऱ्यावर फिक्या करड्या रंगात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, की आठवडा संपला की पूर्ण वर्षाचे पैसे कापले जातील. कार्डाचा नंबर आधीच मागून घेतलेला, "फक्त खात्रीसाठी". आठवण करून देणारी मेल जायची, नाही असं नाही. पण तिचं शीर्षक असायचं "अभिनंदन, तुमची झोप सुधारतेय!" आणि मुद्द्याची ओळ सगळ्यात तळाशी, जिथे कुणी जातच नाही. घ्यायचं असेल तर एक बटण. सोडायचं असेल तर प्रश्नांवर प्रश्न. तुम्हाला तुमची झोप महत्त्वाची वाटत नाही का? स्वतःची काळजी घेणं सोडून देताय का? एवढा चिखल तुडवून जो पलीकडे पोचेल त्याला शेवटी एक फोन नंबर मिळायचा. तो फोन साखरेच्या टेबलावर वाजायचा.

तिच्या विभागाचं नाव होतं "ग्राहक स्नेह". आत काम करणारे त्याला "झाकण" म्हणायचे.

झाकणाचा प्रमुख एक तरुण मुलगा होता. तो सगळ्यांना आपल्याला कॅप्टन म्हणायला लावायचा. सतत च्युइंगम चघळायचा आणि बोलताना इतका जवळ यायचा, की पुदिन्याच्या वासामागचा दुसरा, आंबूस वासही यायचा. पहिल्याच दिवशी त्याने शिकवलं, "रद्द हा शब्द आपल्या तोंडून निघता कामा नये. गिऱ्हाईक म्हणालं तर आपल्याला ऐकूच आलेलं नाही. पुन्हा म्हणालं तर नीट कळलेलं नाही. तिसऱ्यांदा म्हणालं तर वरिष्ठांकडे जोडून द्यायचं." वरिष्ठ म्हणजे शेजारच्या खुर्चीवरचा ढेरपोट्या, ज्याचा आवाज जाड होता एवढीच त्याची पात्रता.

"आणि कुणी फारच हटून बसलं तर?" साखरेने विचारलं होतं.

"कुणी म्हणालं, मी माझी संमती मागे घेतो, लेखी उत्तर द्या, नाहीतर ग्राहक मंचात जातो, तर लगेच सोडायचं," कॅप्टन म्हणाला. "पैसे परत, माफी, सगळं. कायदा माहीत असलेल्या माणसाला हात लावायचा नाही. आपला धंदा माहीत नसलेल्यांवर चालतो."

हे तो इतक्या सहज बोलला, की सगळे हसले. तीही हसली.

हॉलच्या मधोमध एक पितळी घंटा टांगलेली होती. सोडून जायला निघालेल्या गिऱ्हाइकाला कुणी थांबवलं, की उठून ती घंटा वाजवायची आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. साखरेला घंटा फार वेळा वाजवावी लागायची. तिला बक्षिसं मिळाली. कॉफीचे मग मिळाले, छत्री मिळाली, एकदा तर मायक्रोवेव्ह मिळाला. बाबांनी तो खाटेजवळच्या टेबलावर ठेवून घेतला, दूध गरम करायला उठावं लागू नये म्हणून. संध्याकाळी ती घरी आली की ते कौतुकाने विचारायचे, "काय, आज किती जणांची झोप लावलीस?"

"पुष्कळ," ती म्हणायची.

तिला काही कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण डोळ्यांत कचरा गेला तरी माणूस चालत राहतो, तशी ती चालत राहिली. हेडफोनच्या गादीला आधीच्या पाळीतल्या माणसाच्या घामाचा ओलसर वास असायचा. हेडफोन कागदाने पुसायचा आणि कानाला लावायचा. बाकीचंही तसंच पुसत राहायचं, एवढंच.

मग एका दुपारी एका बाईंचा फोन आला.

"बोला, मी ऐकतेय."

"ते झोपेचं काहीतरी आहे ना, ते बंद करायचंय," पलीकडची बाई म्हणाली. मागे कुठेतरी वाफेच्या इस्त्रीचा फुस्स आवाज येत होता. "आमच्या ह्यांच्या फोनवर होतं. पैसे कापले गेलेत. माझी लाँड्री आहे, दुकान सोडून मला बँकेत जायला जमत नाही."

"ताई, खातं त्यांच्या नावावर आहे. त्यांच्याशी बोलता येईल का?"

"ते गेले. मागच्या महिन्यात."

पडद्यावर लगेच एक पिवळी चौकट उघडली. अशा प्रसंगाचाही मजकूर तयार होता. आधी म्हणायचं, ऐकून फार वाईट वाटलं. मग थोडं थांबायचं. किती थांबायचं तेही चौकटीत लिहिलेलं होतं. मग म्हणायचं, अशा काळात शांत झोप सगळ्यात गरजेची.

साखरेने सगळं म्हटलं, आणि फार सुंदर म्हटलं.

"झोप नाहीच येत हो," बाई एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला. "हॉस्पिटलात ते हेच लावून झोपायचे. समुद्राचा आवाज. मी खुर्चीत बसलेली असायची, तर मलाही ऐकू यायचा."

मासा गळाला लागला होता. साखरेला ते तिथल्या तिथे कळलं. तिच्या हातांना, तिच्या जिभेला कळलं. ती म्हणाली, "मग ताई, तो समुद्र कशाला बंद करायचा? हे खातं मी तुमच्या नावावर करून देते, निम्म्या दरात. तुमच्यासाठी खास."

बाईंनी इस्त्री आणखी एकदा फिरवली. मग बाई थकून म्हणाल्या, "बरं. करा काय ते."

"बरं" म्हणजे संमती. नियमच तसा होता.

कॅप्टन मागून ऐकत होता. त्याने तिच्या खांद्यावर थाप मारली आणि हॉलभर ऐकू जाईल असं ओरडला, "मेलेल्या माणसाचं खातं वाचवलं! शिका जरा! याला म्हणतात साखर!" कुणीतरी शिट्टी मारली. ढेरपोट्या खो खो हसला. तिला घंटेपाशी नेलं. तिने घंटा वाजवली. टाळ्या पडल्या.

त्यानंतर ती बाथरूममध्ये गेली. ती बेसिनवर वाकली. तिने साबणाने हात धुतले, मग ओठ धुतले, मग साबणाचा फेस घातलेलं बोट जिभेवरून फिरवलं. साबण कडू होता. खळखळून चूळ भरली तरी आतली ती गोड चव जात नव्हती. आरशात बघवेना. कुणीतरी दार वाजवलं, तेव्हा ती "आलेच" म्हणाली, आणि तो गोड आवाज कानावर पडताच तिला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. गोष्टीत अशा वेळी माणूस राजीनामा तोंडावर फेकून बाहेर पडतो. हिने तसं केलं नाही. बाबांची औषधं संपत आली होती. पण तिच्या डोळ्यांतला कचरा आता खुपायला लागला होता. जे आजवर पुसून टाकता येत होतं ते आता हाताला चिकटून राहू लागलं. कॅप्टनच्या तोंडातला तो रबराचा गोळा, घंटेच्या दोरीवरचा काळपट मळ, टाळ्या वाजवताना कंटाळलेले चेहरे. सगळ्यात किळस यायची ती स्वतःच्या पडद्यावरच्या पिवळ्या चौकटीची. कुणीतरी खुर्चीत बसून, शांतपणे विचार करून, रडणाऱ्या माणसासमोर किती थांबायचं ते ठरवलं होतं. त्या माणसाचाही पगार होत असेल. तोही घरी जाऊन कुणाला तरी जवळ घेत असेल.

घरी ती बोलेनाशी झाली. बाबांनी काही विचारलं तर मान हलवायची.

"घसा बसलाय का?" बाबा विचारायचे. "बोल की जरा. तुझंच तेवढं ऐकू येतं मला."

असे काही आठवडे गेले. आणि एका सकाळी तोच फोन पुन्हा तिच्याच टेबलावर आला. मागे तीच इस्त्री.

"बोला, मी ऐकतेय."

पलीकडची इस्त्री थांबली. मग, "तुम्हीच ना त्या? आवाज ओळखला मी. अहो, तुम्ही खातं माझ्या नावावर करते म्हणालात. त्यांचं तसंच चालू ठेवलंत आणि माझं वेगळं उघडलंत. त्याच कार्डावरून आता दोघांचे पैसे कापलेत! मेलेल्या माणसाची झोप विकताय तुम्ही, आणि ती दोनदा!"

पडद्यावर पिवळी चौकट उघडली. साखरेने ती बंद केली. कॅप्टन दोन खुर्च्यांपलीकडे उभा होता.

"ताई," ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला फसवलं. ऐकून वाईट वाटलं असं म्हणाले, ते समोर लिहिलेलं वाचून म्हणाले. आता मी सांगते ते नीट ऐका. हे बोलणं रेकॉर्ड होतंय, ते बरंच आहे. तुम्ही म्हणा, दोन्ही खात्यांवरची संमती मी मागे घेतेय."

"काय?"

"म्हणा ना. मोठ्याने म्हणा."

"दोन्ही खात्यांवरची संमती मी मागे घेतेय," बाई गोंधळून म्हणाल्या.

"झालं. मी दोन्ही रद्द करतेय. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. आता बँकेला लेखी कळवा, की या कंपनीला यापुढे पैसे द्यायचे नाहीत. कापलेल्या पैशांवरही हरकत घ्या. आणि ग्राहक मंचात तक्रार करा. त्याला वकील लागत नाही, साध्या कागदावर काय घडलं ते लिहायचं. फुकट म्हणून घ्यायला लावलं, पैसे कधी कापणार ते लपवलं, सोडायला गेले तर सोडू दिलं नाही. एवढं पुरे आहे."

कॅप्टन धावत आला. त्याने तिच्यासमोर हात नाचवले, गळ्यावरून बोट फिरवलं. ती बोलत राहिली.

"साक्षीला कुणी लागलं तर मी येईन. माझा स्वतःचा नंबर घ्या." आणि तिने नंबर दिला.

त्याने तिच्या कानावरचा हेडफोन ओढून काढला.

"डोकं फिरलंय का तुझं? कोण समजतेस तू स्वतःला?"

"आधी तोंडातलं ते थुंक," ती म्हणाली, "आणि मग माझ्याशी बोल. मला वास येतो."

कुणीही हसलं नाही. टाळ्याही वाजल्या नाहीत. तिने छत्री घेतली, कॉफीचा मग तिथेच ठेवला, आणि सुरक्षारक्षकाने तिची पिशवी उघडून तपासल्यावर ती खाली उतरली.

त्या संध्याकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय, आज किती जणांची झोप लावलीस?"

तिने त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. घंटेचं, बक्षिसांचं, लाँड्रीवाल्या बाईंचं. तिला वाटलं होतं, बाबा पाठीवर हात ठेवतील, आज तू बरोबर वागलीस म्हणतील. बाबांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे इतके दिवस तू हे करत होतीस," ते म्हणाले. "आणि मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटलो होतो, माझी मुलगी लोकांची सेवा करते म्हणून."

"बाबा, मी सोडलं ना आज."

"काढलं तुला," बाबा म्हणाले. "बोललीस ते बरं केलंस. पण आधीचंही तूच केलंस ना?" मग त्यांची नजर मायक्रोवेव्हकडे गेली. "हे त्यातलंच का?"

तिने मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून बाबा भिंतीला धरत स्वयंपाकघरात जाऊन गॅसवर दूध तापवू लागले. पाय ओढत जायचे, पण तिला हात लावू द्यायचे नाहीत. काही दिवसांनी तिने तो मायक्रोवेव्ह भंगारात दिला. त्याविषयी दोघं पुन्हा बोलले नाहीत. बापलेकीत पहिल्यासारखं बोलणं सुरू व्हायला बराच काळ जावा लागला, आणि झालं तेही पूर्ण पहिल्यासारखं नाही.

लाँड्रीवाल्या बाईंनी तक्रार केली. त्यांचा फोन आला, तोही कोरडा: "तुम्ही येणार म्हणाला होतात. अमुक तारखेला या." साखर गेली.

मंचाची खोली साधी होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, कडेला फायलींनी वाकलेलं कपाट, समोर उंच टेबलामागे अध्यक्षबाई आणि दोन सदस्य. कंपनीचा वकील कडक इस्त्रीतला. तो साखरेकडे वळून फार सभ्यपणे म्हणाला, "बाई, त्या विभागात सगळ्यात जास्त बक्षिसं कुणाला मिळाली?"

"मला."

"म्हणजे फसवणूक होत असेल, तर ती सगळ्यात चांगली तुम्हीच करत होतात."

"हो."

"आणि नोकरी गेल्यावर तुम्हाला एकदम चांगुलपणा सुचला."

"नोकरी जायच्या आधी सुचला," ती म्हणाली. "म्हणूनच गेली."

अध्यक्षबाईंनी मान वर करून तिच्याकडे बघितलं, पण त्या बघण्यात कौतुक नव्हतं.

मग वकिलाने हुकमाचा पत्ता काढला. बाईंनी स्वतःच्या तोंडाने होकार दिल्याचा पुरावा म्हणून त्याने पहिल्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. "बरं, करा काय ते" एवढं ऐकवायचं होतं त्याला. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, सुरुवातीपासून लावा.

खोलीत साखरेचा आवाज पसरला. ऐकून फार वाईट वाटलं. मग ती मोजून सोडलेली शांतता. अशा काळात शांत झोप सगळ्यात गरजेची. लाँड्रीवाल्या बाई खाली मान घालून बसल्या होत्या. हॉस्पिटलातल्या खुर्चीचं आलं तेव्हा त्यांनी कानांवर हात ठेवले. साखरेला आपल्या कानांवर हात ठेवायचा हक्क आहे असं वाटेना. तिने ऐकलं. एखाद्या गलिच्छ जागी आपलीच चप्पल सापडावी तसं ते होतं. ओळख नाकारायची सोय नाही. "तुमच्यासाठी खास," आवाज म्हणाला, आणि मागच्या रांगेतला कुणीतरी माणूस "छी" असं पुटपुटला.

"बंद करा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पुरे झालं."

बाहेर व्हरांड्यात साखर बाईंपाशी गेली. काय बोलायचं ते तिने येताना मनाशी जुळवलं होतं, पण ते जुळवलेलं होतं म्हणूनच तिला बोलवेना.

"काही बोलू नका," बाईच म्हणाल्या. "तुम्ही बोलायला लागलात की मला खरं वाटायला लागतं. मला तुमचा राग आहे. आणि तुम्ही आला नसतात तर मी आज इथून हात हलवत गेले असते. दोन्ही आहे." त्यांनी पिशवी काखेत मारली आणि दुकान उघडायला निघून गेल्या.

काही महिन्यांनी निकाल आला. फुकट म्हणून दिलेली गोष्ट माणसाने वेळेत नाकारली नाही म्हणून ती विकत घेतली असं होत नाही, असं मंचाने म्हटलं. दुःखातल्या माणसाकडून काढून घेतलेलं "बरं" म्हणजे संमती नव्हे. पैसे कधी आणि किती कापणार ते आधी ठळक सांगितलं पाहिजे, आणि आत येण्याचा रस्ता जितका सोपा तितकाच बाहेर जाण्याचा हवा. बाईंना दोन्ही रकमा परत मिळाल्या, वर भरपाई मिळाली. कंपनीने तेवढी मुकाट्याने दिली आणि बाकीच्या हुकमावर अपील केलं. ॲप चालूच आहे. रद्द करायचं बटण आता दिसतं म्हणतात, करड्याऐवजी जरा गडद करड्या रंगात.

साखर सध्या फरशांच्या गोदामात काम करते. आलेला माल तपासायचा, फुटलेल्या फरशा बाजूला काढायच्या. तिथे बोलावं लागत नाही. पण बातमी पसरायची ती पसरलीच. इमारतीतले लोक संध्याकाळी आपापले फोन घेऊन तिच्याकडे येतात. कुणाचं व्यायामाचं ॲप, कुणाच्या मुलीने गेमसाठी दाबलेलं "मोफत", कुणाच्या सासऱ्यांच्या फोनवरचं राशिभविष्य. ती जेवणाच्या टेबलाशी बसते, चष्मा वर सारते आणि त्या सगळ्या लाडिक प्रश्नांमधून बोट घालत जाते. तुम्हाला खरंच जायचंय? तुमची आठवण येईल! एवढी चांगली संधी सोडताय? बाबा शेजारी बसून बघतात. एकदा त्यांनी विचारलं, "हे लिहितं कोण?"

"माझ्यासारखंच कुणीतरी," ती म्हणाली.

पैसे परत आले की लोक धावत सांगायला येतात, तोंडभर हसत. ती मान हलवते आणि पुढचा फोन जवळ ओढते. तेव्हा तिचा चेहरा काही प्रसन्न नसतो. तुंबलेल्या मोरीत कोपरापर्यंत हात घातलेल्या माणसाचा असतो, तसा असतो. नाक मुरडलेलं, ओठ घट्ट मिटलेले, आणि बोटं आत अडकलेलं शोधतायत.